अपघातानंतरचे पहिले पाऊल



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणात घालवतो. दोन तारखेला आपण दफनभूमीत गेलो, आप्तांच्या कबरींवर फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना केली. कबरींवरची नावे वाचत पुढे जाताना एक गोष्ट मनाला चटका लावते. काही दगडांवर जन्म आणि मृत्यू या दोन तारखांमधले अंतर फार थोडे आहे. एकोणीस वर्षे, चोवीस वर्षे, एकतीस वर्षे. यांतले कित्येक जण आजाराने गेले नाहीत. ते रस्त्यावर गेले.

आज नोव्हेंबरचा तिसरा रविवार. रस्ते अपघातांतील बळींचा जागतिक स्मरणदिन म्हणून हा दिवस पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली त्याला मान्यता दिली. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार आपल्या देशात २०२२ या एकाच वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा मोठा आहे म्हणून आपल्याला परका वाटतो. परंतु त्यातला एक जण आपल्या घरचा असला की आकडा संपतो आणि रिकामी खुर्ची उरते.

गाडी सावकाश चालवा, हेल्मेट घाला, दारू पिऊन चाक हातात घेऊ नका, हे आपण अनेकदा ऐकले आहे. आज आम्ही वेगळ्या प्रश्नाकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो. अपघात घडून गेला. आता काय करायचे? त्या क्षणी ख्रिस्ती माणसाने कसे वागायचे?

एका पहाटेची गोष्ट

पुढील गोष्ट पापनिवेदनातील नाही. ज्याच्या बाबतीत ती घडली त्याने ती सांगायला आम्हांला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा आम्ही वगळल्या आहेत.

काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली पहाट. हा आमचा तरुण भाऊ टेम्पोत फुले भरून दादरच्या बाजाराकडे निघाला होता. घरात आजारपण होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. महामार्गावर पावसाच्या धारेत एक सायकलस्वार त्याला दिसला तो अगदी चाकापुढे. धडक बसली. त्याने ब्रेक दाबला, आरशात पाहिले, रस्त्यावर माणूस पडलेला दिसला. दूर चहाच्या टपरीवरून चार-पाच माणसे ओरडत धावत येत होती. त्याने गिअर टाकला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी तो आमच्या निवासस्थानाच्या ओट्यावर येऊन बसला. कितीतरी वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, मी मुद्दाम नाही केलं.” आम्ही त्याला पाणी दिले. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. या वेळी त्याचा आवाज बदलला होता. “पण पळालो ते मुद्दाम.”

त्याच रात्री आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. तिथे कळले की त्या सायकलस्वाराला एका रिक्षावाल्याने रुग्णालयात नेले होते, आणि दुपारी तो वारला होता. तो लवकर पोहोचला असता तर वाचला असता का, हे कोणी सांगू शकले नाही. त्या न मिळालेल्या उत्तराचे ओझे आमचा हा भाऊ आजही वाहतो आहे.

कुऱ्हाडीचे पाते

पवित्र शास्त्राला अपघात ठाऊक आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक साधे उदाहरण येते. दोन शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. एक जण कुऱ्हाड उगारतो, दांड्यातून पाते निसटते, शेजाऱ्याला लागते आणि तो मरतो. वैर नव्हते, हेतू नव्हता. तरी माणूस गेला. त्या काळी मृताच्या नातलगाला रक्ताचा सूड घेण्याचा अधिकार मानला जात असे. मग अशा अभागी माणसाने जावे कुठे?

परमेश्वराने त्याच्यासाठी सहा नगरे ठरवून दिली. त्यांना शरणपुरे म्हणत. तीन यार्देनच्या अलीकडे, तीन पलीकडे, आणि तिथे जाणारे रस्ते तयार ठेवण्याची आज्ञा होती. ती सोय इस्राएली माणसाइतकीच परदेशी माणसालाही होती. परंतु यहोशवाच्या विसाव्या अध्यायात एक अट आहे, तिच्याकडे आपण बारकाईने पाहिले पाहिजे. आश्रयाला आलेल्या माणसाने नगराच्या वेशीत उभे राहायचे आणि वडीलजनांना घडलेली हकिकत सांगायची. त्यानंतरच त्याला आत घेतले जाई, राहायला जागा मिळे, आणि मंडळीपुढे त्याचा न्याय होई.

म्हणजे धावायला परवानगी होती. लपायला नव्हती. सूडापासून संरक्षण होते, सत्यापासून नव्हते.

आजच्या आपल्या परिस्थितीला हे किती जवळचे आहे! आपल्याकडे अपघात झाला की जमाव जमतो. मारहाण होते, गाडी पेटवली जाते. ही भीती खोटी नाही, आणि आम्ही ती खोटी म्हणणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील कलम १३४ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची असते, पोलिसांना माहिती द्यायची असते, आणि विमा कंपनीलाही कळवायचे असते. जमावाच्या रोषामुळे जखमीजवळ थांबणे शक्य नसेल, तर त्याची दखलही याच कलमात आहे. परंतु अशा वेळीही जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घडलेले सांगणे सुटत नाही. ते शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत करायचे असते. जीव धोक्यात असेल तर गाडी पुढे न्या, पण सरळ ठाण्याकडे न्या, आणि वाटेतच १०८ वर फोन करा. ठाण्याचे दार हीच आज आपली शरणपुराची वेस आहे.

घडते ते आणि आपण करतो ते

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद आमच्या मनावर ठसला. माणसाच्या हातून जे जे घडते ते सगळे ‘मानवी कृत्य’ नसते. ठेच लागते, शिंक येते, हात घसरतो. विचार आणि इच्छा यांनी जे केले जाते तेच खऱ्या अर्थाने मानवी कृत्य, आणि त्याचाच नैतिक जाब द्यावा लागतो.

आमच्या त्या भावाची दोन वाक्ये आठवा. ‘मुद्दाम नाही केलं’ आणि ‘पळालो ते मुद्दाम’. कोणतेही पुस्तक न वाचता त्याने तोच भेद सांगितला. धडक घडली, पळणे त्याने केले.

मात्र या भेदाचा आडोसा घेऊन कोणी स्वतःला सहज निर्दोष ठरवू नये. झोपेत चाक वळले तेव्हा माणूस शुद्धीवर नव्हता हे खरे. परंतु झोप अनावर झालेली असताना तो चाकामागे बसला तेव्हा शुद्धीवर होता. दारू पिऊन, शर्यत लावून, मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्याचेही तेच आहे. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेने स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषाचा धनी होतो, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण स्पष्ट सांगते (क्रमांक २२९०).

उलट, आपल्यात अशीही माणसे आहेत ज्यांची खरोखर काही चूक नव्हती. मूल अचानक रस्त्यावर धावत आले, समोरचा माणूस चुकीच्या बाजूने आला. ती माणसे वर्षानुवर्षे स्वतःला खुनी समजत झुरतात. त्यांना आम्ही सांगतो: तुमचे दुःख खरे आहे, पण प्रत्येक दुःख म्हणजे पाप नव्हे. ते घेऊन या, आपण बोलू, मिळून प्रार्थना करू.

पळण्यात तीन आज्ञा मोडतात

पळून जाणे ही एक चूक वाटते. नीट पाहिले तर तिच्यात तीन आज्ञा मोडतात.

पहिली मोडते ती पाचवी आज्ञा, खून न करण्याची. जखमीसाठी पहिला तास सोन्याचा असतो. आपल्या कायद्यातही आता त्या तासाची नोंद आहे. धडक हेतूशिवाय झाली असेल, पण जिवंत माणसाला रस्त्यावर टाकून जाणे हेतूशिवाय होत नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरचे याजक आणि लेवी यांनी त्या माणसाला जखमी केले नव्हते, तरी प्रभू येशूने त्यांचे जाणे आपल्या ध्यानात आणून दिले. मग ज्याच्यामुळे जखम झाली त्याच्या जाण्याबद्दल काय म्हणावे?

त्यानंतर मोडते ती सातवी आज्ञा, चोरी न करण्याची. हे ऐकून काहींना नवल वाटेल. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. वाहन ओळखले गेले तर मृताचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते, आणि मृताचे वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा विचार करून भरपाई ठरते. वाहन सापडलेच नाही तर काय? १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार अशा वेळी मृत्यूसाठी दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. घरातला कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबाला त्यात किती वर्षे काढता येतील? गाडीचा नंबर लपवणारा माणूस विधवेचा आणि पोरक्या लेकरांचा हक्क लपवत असतो. जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने आधी कोणाचे काय परत द्यायचे ते सांगितले होते, हे विसरू नये.

तिसरी मोडते ती आठवी आज्ञा, खोटी साक्ष न देण्याची. गाडी धाकट्या मुलाने चालवली, पण परवाना मोठ्याकडे आहे म्हणून मोठ्याचे नाव सांगायचे. मालकाच्या हातून झाले, पण पगारी ड्रायव्हरला उभे करायचे. अशा वेळी घरातली शहाणी माणसेच एकत्र बसून खोटे रचतात, आणि त्याला ‘मुलाचे आयुष्य वाचवणे’ असे नाव देतात. पालकांनो, आम्ही तुमची तगमग समजतो. परंतु त्या दिवशी तुमचा मुलगा काय शिकतो? आपल्या पापाचा भार पैसे देऊन दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवता येतो, हेच ना? मुलासाठी वकील जरूर द्या, तो त्याचा हक्क आहे. खोटे नाव देऊ नका.

हाताने करायचे काम

अशा वेळी माणूस गोंधळतो. म्हणून काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. शक्य असेल तर हे पान घरातल्या वाहनचालकाला वाचून दाखवा.

गाडी बाजूला घेऊन थांबवा, इंजिन बंद करा, चारही इशारा दिवे लावा. मागून येणाऱ्या गाड्यांना दुरूनच सावध करण्यासाठी कोणाला तरी उभे करा, पण वाहत्या रस्त्याच्या मध्ये नव्हे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. ठिकाण नेमके सांगा: किलोमीटरचा दगड, पूल, पेट्रोल पंप, जवळचा फाटा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी घालून त्यावर घट्ट दाब धरून ठेवा. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर आग किंवा वाहत्या गाड्यांचा धोका असल्याशिवाय जखमीला उचलू नका, आणि डोक्यावरचे हेल्मेट हिसका देऊन काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. त्याच्याशी बोलत राहा. आणि एक विनंती: त्याचे छायाचित्र काढून मोबाइलवरून पाठवू नका. त्याची आई ते पाहील.

जखमी कॅथलिक असेल तर आम्हांला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी करा. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी आम्ही येऊ. तोवर त्याच्या कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना हळू म्हणा. तो अन्य धर्माचा असेल तर त्याचा हात धरा आणि मनात प्रार्थना करा. देवाला दोन्ही ऐकू येतात.

जे केवळ पाहणारे असतात

‘मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू’ असे आपण म्हणत आलो. पूर्वी त्यात तथ्य होते. आज ते कारण उरलेले नाही. १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबता कामा नये. ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही.

या माणसाला इंग्रजी कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक आहे? ‘गुड समॅरिटन’. दयाळू शोमरोनी! प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परका माणूस आपल्या देशाच्या कायद्यात जाऊन बसला आहे. मिस्साला येणाऱ्या आपल्याला तो आणखी किती जवळचा असायला हवा?

आणि जमावाबद्दलही बोलले पाहिजे. चालकाला मारणारे हात जखमीला उचलत नाहीत. गर्दी जमली तर तुम्ही दोघे-तिघे मध्ये पडा, चालकाला बाजूला घ्या, पोलीस येईपर्यंत त्याला सांभाळा. शरणपुराची वेस राखणारे वडीलजन ते तुम्हीच.

दोन घरे

अपघात एका घरात होत नाही, दोन घरांत होतो. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनच्या तत्कालीन स्थलांतरित व प्रवासी मेषपालीय मंडळाने रस्त्याविषयी मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांची थोडी गंमतही केली. परंतु त्यांतल्या दोन आज्ञा गमतीच्या नाहीत. एक म्हणते, अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना आधार द्या. दुसरी म्हणते, दोषी चालक आणि त्याच्यामुळे हानी सोसलेले यांना योग्य वेळी एकत्र आणा, म्हणजे क्षमेतून मिळणारी मुक्तता त्यांना अनुभवता येईल.

‘योग्य वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन दारात उभे राहणे ही क्षमायाचना नव्हे. तो सौदा वाटतो.

आमच्या त्या भावाने गुन्हा कबूल केला. न्यायालयात जे व्हायचे ते झाले. गाडीची नोंद झाल्यामुळे त्या विधवेला विम्याची भरपाई मिळू शकली. जवळजवळ दोन वर्षांनी, तिच्या भावाकडे आधी विचारून, तिने होकार दिल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. ती आपल्या धर्माची नव्हती. आमचा भाऊ मान खाली घालून उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “ताई, मी थांबायला हवं होतं.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “वाचले असते की नाही ते देव जाणे. पण तुम्ही थांबला असता तर ते एकटे पडले नसते.”

‘माफ केले’ असे ती म्हणाली नाही. आम्हीही तिला तसे सुचवले नाही. क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. तिने आम्हांला चहा दिला. आम्ही तो घेतला आणि निघालो. आता दरवर्षी जूनमध्ये तिच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आमचा हा भाऊ विन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत पोहोचवतो. विम्याने कायद्याचे देणे फिटले. हे देणे वेगळे आहे. शोमरोनीनेही दोन दीनार देऊन हात झटकले नाहीत, परत येताना उरलेले देईन असा शब्द दिला.

प्रायश्चित्त संस्कारात आपण पश्चात्ताप करतो, पाप कबूल करतो, आणि भरपाई करतो. या तिन्ही पायऱ्या रस्त्यावरच्या पापालाही लागू आहेत. पापांची क्षमा देव देतो, यात शंका नाही. पण क्षमा मिळाली म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चुकवता येत नाही, आणि विधवेचे दारही.

या आठवड्यासाठी

या आठवड्यात घरी रोझरी झाल्यावर पाच मिनिटे बसा आणि एकमेकांना विचारा: उद्या आपल्या हातून अपघात झाला तर आपण थांबू का? आपल्या मुलाने घरी येऊन सांगितले तर आपण त्याला काय सांगू? हे उत्तर आजच ठरवून ठेवा. त्या क्षणी विचाराला वेळ मिळत नाही, सवयच पुढे होते.

आणि तुमच्यापैकी कोणी वर्षानुवर्षे अशी एखादी पहाट मनात दडवून ठेवली असेल, तर त्याला आमचे सांगणे आहे: आमच्या निवासस्थानाचा ओटा अजून तिथेच आहे. या. पुढे जिथे जावे लागेल तिथे आम्ही तुमच्याबरोबर येऊ.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू स्वतः वाटेवर पडलास आणि एका परक्या माणसाने तुझा क्रूस उचलला. रस्त्यावर प्राण गेलेल्या सर्वांना तुझ्या शांतीत विसावा दे. त्यांच्या घरच्यांचे अश्रू पूस. ज्यांच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला त्यांना सत्य बोलण्याचे धैर्य दे, आणि आम्हां सर्वांना थांबणारे पाय दे. आमेन.

ख्रिस्तामध्ये तुमचे,
प्रमुख धर्मगुरू